चंचीतली तंबाखू, डबीतली तंबाखू

अकबराचा वकील असद बेग विजापूरहून आग्र्याला परतला, तेव्हा त्याच्या सामानात भरपूर तंबाखू होती. आदिलशहाची मुलगी शहजादा दानियालला दिली होती आणि 1604 साली गोदाकाठी पैठणला लग्न लागलं. त्या कामगिरीवर हा वकील दक्षिणेत आला होता. (बेळगावच्या किल्ल्यात मशीद बांधणारा असदखान लारी वेगळा, हा वेगळा. दोघांत पिढ्यांचं अंतर आहे.) बादशहापुढे मांडलेल्या नजराण्याचं वर्णन त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. अचिनहून आलेली तीन हात लांब नळी, तिच्या दोन्ही टोकांना जडाव आणि मीनाकाम, तोंडाला लावायला येमेनी अकीक, वर सोन्याची चिलीम. शेजारी एक थैली. ही थैली आदिलशहानं त्याला विड्याचं सामान ठेवायला भेट दिली होती. असद बेगानं तिच्यात पानसुपारी ठेवली नाही. त्यानं ती उत्तम तंबाखूनं भरली, एक पान पेटलं की सगळी जळत राहील अशा तंबाखूनं.

विड्याची थैली म्हणजे चंची. दरबारी चंचीत तंबाखू शिरल्याचा इतका जुना आणि इतका नेमका उल्लेख माझ्या वाचनात दुसरा नाही, आणि तो आपल्या मुलखातला आहे. बेळगाव, चिकोडी हा सगळा भाग तेव्हा विजापूरकरांचाच होता. हा उल्लेख वाचला आणि आमच्या बाजूच्या एका सवयीची कुळकथा मला एकदम जुळल्यासारखी वाटली.

सवय अशी. निपाणीच्या स्टँडवर कुणीही माणूस पुडी उघडतो, डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू घेतो, डबीतला चुना नखानं काढून तिच्यावर लावतो आणि उजव्या अंगठ्यानं मळायला लागतो. मळून झालं की दोन टाळ्या, भुकटी उडते, उरलेली चिमूट खालच्या ओठाआड जाते. चुना संपला असेल तर शेजाऱ्याला विचारायला ओळख लागत नाही. ‘चुना हाय काय ओ?’ एवढं पुरतं.

ओठाआड चिमूट धरायची अशीच रीत स्वीडनमध्येही आहे. तिथलं स्नूस म्हणजे ओलसर दळलेली तंबाखू. तिचीही चिमूट ओठाखालीच जाते, फक्त वरच्या. या स्नूससाठी युरोपातली माणसं देश ओलांडतात. युरोपीय समुदायानं तोंडात ठेवायच्या तंबाखूच्या विक्रीवर 1992 साली बंदी घातली. 1995 साली स्वीडन युरोपीय संघात आला तो या बंदीतून सूट घेऊनच. त्याच वर्षी फिनलंडही आला, पण त्याला सूट मिळाली नाही. तेव्हापासून फिनलंडचे शौकीन हेलसिंकीहून स्टॉकहोमच्या बोटीत बसतात. उत्तरेकडचे लोक टोर्निओ गावातून नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या हापारांडात जातात, डब्यांच्या चळती घेऊन परततात आणि त्या घरी फ्रीजमध्ये ठेवतात, कारण स्नूस ओलं असतं आणि वाळलं की त्याची चव जाते. परमुलखातून तंबाखूचा साठा भरून आणणाऱ्यांच्या या रांगेत नावानिशी ठाऊक असलेला आपल्याकडचा पहिला माणूस मी असद बेगालाच धरतो. आग्र्यात पोचल्यावर उमराव त्याच्याकडे तंबाखू मागायला लागले, त्यानं वाटली, मग व्यापाऱ्यांनी आणायला सुरुवात केली, असं तोच सांगतो. बादशहानं मात्र सवय लावून घेतली नाही. पुढे 1617 मध्ये जहांगीरनं तंबाखूवर बंदी घातली आणि ती कुणी पाळली नाही.

मुळात विजापुरात तंबाखू आली कुठून? असद बेगानं नजराणा मांडला तेव्हा अकबराच्या दरबारात खान-ए-आझम अझीझ कोका हा उमराव उभा होता. मक्का-मदिनेत ही वस्तू सर्वांना ठाऊक आहे, असं त्यानं बादशहाला सांगितलं. तो स्वतः हज करून आलेला, म्हणजे ऐकीव बोलत नव्हता. त्याच्या या बोलण्याच्या आधारानं तंबाखू अरबस्तान-इराणच्या वाटेनं दख्खनला आली, असं म्हणता येईल. शब्दही त्याच बाजूनं साक्ष देतो. पोर्तुगीजांचा ‘ताबाको’, त्यात अनुस्वार नाही. आपल्या ‘तंबाखू’त तो आहे, आणि तो फारसी ‘तंबाकू’तला आहे. तरीही मला हा मार्ग पटत नाही. 1510 पासून गोवा पोर्तुगीजांकडे होता. गोव्याचा माल घाट चढून बेळगाववरून विजापूरला जायचा, ही वाट मळलेली होती. दारात माल उतरत असताना तो समुद्र ओलांडून मागवायचा कशाला? माझं मत असं की पान चोर्ला, रामघाट, तिनईच्या वाटेनं बैलांच्या पाठीवरून आलं आणि त्याला नाव विजापूरच्या फारसी बोलणाऱ्या दरबारात मिळालं. या मताला शेजारी भाषेचा आधार आहे. कन्नडमध्ये तंबाखूला ‘होगेसोप्पु’ म्हणतात, म्हणजे धुराचा पाला. तमिळ आणि तेलुगूतही असेच घरचे शब्द आहेत. वस्तू शेतात आणि बाजारात आधी पोचली असेल तरच लोक तिला असं घरचं नाव देतात. मराठीनं दरबारी नाव उचललं कारण मराठीचा कारभारच फारसीशी जोडलेला होता.

पण मला खरा रस आहे तो चुन्यात. तंबाखूला चुना कुणी लावला?

एक उत्तर अमेरिकेकडे बोट दाखवतं. अमेरिगो व्हेस्पुचीच्या नावानं 1504 सालचं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात एका बेटावरचे लोक गालात हिरवा पाला धरून बसलेले दिसतात. गळ्यात दोन वाळके भोपळे, एकात पाला, दुसऱ्यात पांढरी पूड. काडी ओली करून पुडीत बुडवायची आणि तोंडात फिरवायची. ही पूड चुन्यासारखी होती हे बहुतेक सगळे मानतात. पाला कोकाचा की तंबाखूचा, यावर वाद आहे आणि पत्राच्या खरेपणावरही आहे. समजा, तंबाखूचाच होता. तर मग चुना लावायची रीत तंबाखूबरोबरच जहाजातून आली, आपण फक्त उचलली, असं म्हणावं लागेल.

मी हे मानत नाही. मधला दुवा पोर्तुगीज आहे, आणि पोर्तुगीजांनी तंबाखू ओढली, हुंगली, पण तिला चुना लावून खायची चाल त्यांच्या घरी रुजली नाही. लिस्बनला जी रीत उतरलीच नाही ती लिस्बनच्या माणसांनी गोव्यात कशी उतरवावी? शिवाय चुना आपल्याकडे हजार वर्षं तयारच होता, विड्यात. पानाला चुना, कात, सुपारी हा संच, त्याची भांडी, त्याची थैली, सगळं होतं. तंबाखू त्या थैलीत शिरली आणि शेजारच्या कप्प्यातल्या चुन्याशी तिची गाठ पडली. आधी विड्यात चिमूटभर तंबाखू पडली असेल. मग पान महाग पडलं किंवा शेतात हाताशी नसलं तेव्हा पान आणि सुपारी गळाली, चुना आणि तंबाखू उरली. असद बेगाची तंबाखू ओढायची होती, खायची नव्हती, हा आक्षेप कुणीही घेईल. तो खरा आहे. पण थैली एक झाली हे महत्त्वाचं. वस्तू एका कप्प्यात राहायला लागल्या की हातही त्या एकत्र काढतो.

चंचीची शपथ घेऊन हे सांगतोय तर चंचीचंही कूळ पाहायला हवं, आणि इथं मामला बेळगावच्या मातीतला आहे. चंची म्हणजे कापडाची कप्पे असलेली थैली, उलगडली की लांब होते, गुंडाळून दोरीनं बांधली की कमरेला किंवा कोपरीच्या खिशात बसते. शब्द संस्कृत ‘संचय’वरून आला असं सहज सुचतं. साठा करायची ती चंची, अर्थ जुळतो, म्हणून ही व्युत्पत्ती गोड लागते. पण सीमेवर राहणाऱ्याला दुसरा शब्द रोज ऐकू येतो, कन्नड ‘संची’. पिशवी म्हणजे संची, आणि पानसुपारीची ‘एले-अडिके संची’ तर घराघरातली. या शब्दाचा पुरावा एका कवयित्रीच्या नावातच आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या राणीजवळ होन्नम्मा नावाची बाई होती. राणीची विड्याची थैली सांभाळणं हे तिचं काम, म्हणून ती ‘संचिय होन्नम्मा’. तिनं ‘हदिबदेय धर्म’ हे काव्य लिहिलं आणि कन्नड साहित्यात ती या थैलीच्या नावानंच ओळखली जाते. म्हणजे ‘संची’चा अर्थ नुसती पिशवी नव्हे, विड्याची थैली हा अर्थ तीनशे वर्षांपूर्वी पक्का होता. राहिला स आणि च यांचा प्रश्न. द्राविडी भाषांत हे दोन वर्ण एकमेकांच्या जागी सर्रास येतात, तमिळ लिपीत तर दोघांना मिळून एकच अक्षर आहे. तेव्हा ‘चंची’ मराठीनं कानडी शेजाऱ्याकडून घेतली असं मी म्हणतो. कन्नड ‘संची’च्या मागे पुन्हा संस्कृत असेल, असो. आपल्याकडे ती आली ती बाजारातून, पोथीतून नव्हे.

स्वीडनला चंची नव्हती. तिथं डबी होती. सतराव्या-अठराव्या शतकात फ्रेंच दरबाराच्या नादानं युरोपभर तपकीर ओढायची टूम निघाली आणि स्वीडनही त्यात सापडला. ‘स्नूस’ या नावाचा मूळ अर्थ तपकीरच. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर नाकाची फॅशन ओसरली. तिथल्या शेतकऱ्यांनी भुकटी ओली केली आणि नाकातून ओठाखाली उतरवली. 1822 साली स्टॉकहोमच्या याकोब फ्रेडरिक ल्युंगलॉफनं ‘एत्तान’ ही छाप काढली, ती आजही विकली जाते. ओल्या भुकटीत मीठ पडलं आणि सोडा पडला. सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, तेच काम करतो जे आमचा चुना करतो. क्षारामुळे तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि ओठाच्या आतल्या पातळ त्वचेतून झटकन रक्तात जातं. सोड्याशिवाय स्नूस बेचव आणि मंद, चुन्याशिवाय आमची चिमूटही तशीच. विड्याच्या मुलखानं चुना शोधला नाही, तो हाताशी होता. विडा नसलेल्या मुलखाला क्षार दुसरीकडून आणावा लागला. माझ्या मताला मिळालेला हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे असं मी समजतो.

तपकीर आपल्याकडेही होतीच, तिच्यावरून मराठीनं एका रंगाचं नावही घेतलं. तीही नाकातून तोंडात उतरली. आमच्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या ती हिरड्यांना लावायच्या, आणि भाजलेल्या तंबाखूची मशेरी तर दातांसाठीच. पण तपकिरीची डबी कायम वेगळी राहिली. ती चंचीत कधी मिसळली नाही आणि तिला चुना लागला नाही.

निपाणीत यातलं सगळं एका जागी दिसतं. काळ्या रानातली विडीची तंबाखू, वखारीत ती कुटून चाळणाऱ्या बाया, जाड माल विडीला, बारीक भुकटी बाजूला. त्या धुळीत आयुष्य काढलेल्या बायांच्या लढ्यावर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट 1982 साली निघाला. त्याच्या आदल्या वर्षी याच गावाजवळ तंबाखूच्या भावासाठी रस्ता अडवून बसलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ज्यांच्या घामावर आणि रक्तावर ही चिमूट उभी आहे, त्यांचा उल्लेख कुळकथेत यायलाच हवा. आणि चिमटीनं जबडे गमावलेल्यांचाही. आमच्या गल्लीत तोंडाच्या कॅन्सरनं गेलेली माणसं आहेत. स्वीडिश स्नूस वाफेवर तापवून करतात म्हणून त्यात नायट्रोसॅमिन ही घातक द्रव्यं कमी असतात. आपल्या मालाला हा उपचार नाही. निरुपद्रवी मात्र दोन्हीही नाहीत.

1956 साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कागल-निपाणीच्या मध्ये राज्याची हद्द आली. तिचा तंबाखूशी संबंध यायला 2012 साल उजाडलं. खाद्यपदार्थात तंबाखू-निकोटीन मिसळायचं नाही, या 2011 च्या केंद्रीय नियमाच्या आधारानं महाराष्ट्रानं 2012 च्या जुलैत गुटखा बंद केला. कर्नाटकानं बंद केला 2013 च्या मेअखेरीस. मधल्या दहा महिन्यांत हद्दीवरचा कोगनोळीचा नाका आमचं हापारांडा झाला होता. पलीकडची माणसं मोटरसायकलवरून येत आणि पुड्यांच्या माळा पोटाशी धरून परत जात.

गुटखा म्हणजे तरी काय? सुपारी, कात, चुना, तंबाखू, म्हणजे अख्खी चंची दळून एका पुडीत भरलेली. नियमानं ती एकत्र विकायला मनाई केली. मग कंपन्यांनी पानमसाल्याची पुडी वेगळी काढली, तंबाखूची वेगळी, आणि टपरीवाला दोन्ही जोडीनं हातात देतो. गिऱ्हाईक एक फाडतं, दुसरी फाडतं आणि तळव्यावर ओतून एकत्र करतं. चंचीचे जे कप्पे कारखान्यानं मोडले होते, ते कायद्यानं पुन्हा वेगळे केले.