अकरा नावांचा मागोवा

आयपीएलचे दिवस असले की संध्याकाळी सातला नाणेफेक होते, दोन्ही संघांची पक्की नावे पडद्यावर येतात आणि साडेसातला पहिला चेंडू पडतो. मधला अर्धा तास गेल्या दहा-बारा वर्षांत निराळ्याच कामाचा झाला. धुळ्यात पांझरेच्या पलीकडे देवपूरच्या कॉलन्यांत, कॉलेजच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर, वसतिगृहांच्या खोल्यांत तरुण मंडळी मोबाइलवर मान घालून बावीस नावांतून अकरा नावे वेचत. त्यातल्या एकाला कर्णधार करायचे, म्हणजे त्याचे गुण दुप्पट. एकाला उपकर्णधार करायचे, म्हणजे त्याचे गुण दीडपट. त्यावर कोणी एकोणपन्नास रुपये लावी, कोणी त्याहून बरेच जास्त. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांचा हा खेळ कायद्याने बंद झाला. पण एकाच सामन्यासाठी, चार-पाच तासांपुरता आपला संघ निवडण्याची ही कल्पना फार लांबचा प्रवास करून देवपूरपर्यंत पोहोचली होती. तो प्रवास आपण मुळापासून पाहू.

या प्रवासाची पहिली खूण महाभारताच्या वनपर्वात सापडते. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला आहे आणि दोघे विदर्भाकडे निघाले आहेत. वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण नुसत्या नजरेने त्याच्या फांद्यांवरच्या पानाफळांचा आकडा सांगतो. नलाला ते पटत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो, फळे मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. तेव्हा ऋतुपर्ण सांगतो की आपल्याला गणनाही येते आणि अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्मही ठाऊक आहे. नल त्याला अश्वविद्या देऊन ती विद्या घेतो आणि पुढे त्याच बळावर गेलेले राज्य परत मिळवतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरत. आपल्या सातपुड्याच्या जंगलात हे झाड आजही आहे. थोडे पाहून पुष्कळाचा अंदाज बांधणे आणि डाव जिंकणे या दोन गोष्टींचे नाते या कथेने किती आधी ओळखले होते, याचे नवल वाटते. पुढच्या सगळ्या शतकांत एकच प्रश्न वेष बदलून पुन्हा पुन्हा विचारला गेला: हा अंदाज विद्येचा, की नशिबाचा?

राज्यकर्त्यांनी या प्रश्नाची उत्तरे आपापल्या सोयीने दिली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले एक सूक्त फाशांपायी घर गमावलेल्या जुगाऱ्याचा विलाप मांडते. कौटिल्याला मात्र विलापापेक्षा व्यवस्था महत्त्वाची वाटली. त्याच्या अर्थशास्त्रात द्यूतासाठी स्वतंत्र अध्यक्ष आहे, फासे त्यानेच पुरवायचे आहेत आणि जिंकलेल्या रकमेतून शंभरामागे पाचाचा वाटा त्याने घ्यायचा आहे. खेळणाऱ्यांतला कोणीही हरो, खेळ मांडून देणाऱ्याचा वाटा ठरलेला. ही रचना तेव्हापासून बदललेली नाही. लोकांनी आपल्या परीने आणखी एक उत्तर काढले आणि जुगाराला वर्षातून एखाद्या सणाची सवलत दिली. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. आणि त्याच दिवशी पारावर, ओट्यावर पत्त्यांचे डाव बसतात.

एकोणिसाव्या शतकात खान्देशाच्या अंदाजबाजीला नवे खाद्य मिळाले, ते कापसाचे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव ठरे लिव्हरपूलला, कळे बोटीच्या टपालाने आणि पुढे तारेने. दूरवरचा आकडा, तो येण्याआधी बांधलेला अंदाज आणि त्यावर लावलेला पैसा ही त्रिसूत्री तिथे तयार झाली. पैज पावसावरही लागू लागली. मुंबई इलाख्याने १८८७ मध्ये जुगार प्रतिबंधक कायदा केला आणि १८९० मध्ये दुरुस्ती करून पावसावरच्या पैजाही त्याच्या कक्षेत आणल्या. १८८७ च्या या कायद्याचे तेरावे कलम आपण नीट लक्षात ठेवू. केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, असे ते कलम सांगते. त्यापुढच्या सव्वाशे वर्षांच्या वादाचे बीज त्या एका ओळीत आहे. पुढे मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर आकडा चालू लागला. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा कल्याणजी भगत आणि त्यामागून रतन खत्री यांनी मटक्यातून आकडे काढायला सुरुवात केली. कापूस गेला, आकडा राहिला. मालाच्या बाजाराची ज्याला जाण आहे त्याला निदान थोडा फायदा होता; मटक्यात जाणत्याला आणि अजाणत्याला एकच न्याय.

आता आपण खेळाच्या मैदानाकडे वळू. खेळाडूंच्या कामगिरीवर अंदाज बांधायचा, तर आधी ती कामगिरी आकड्यांत उतरायला हवी. इथे हेन्री चॅडविक या माणसाचे नाव घ्यायला हवे. इंग्लंडात जन्मून लहानपणीच अमेरिकेत गेलेला हा पत्रकार आधी क्रिकेटची वार्तापत्रे लिहीत असे. क्रिकेटच्या धावफलकाची शिस्त त्याने १८५९ च्या सुमारास बेसबॉलला लावली आणि प्रत्येक खेळाडूची कामगिरी चौकटीत मांडली. क्रिकेटची हिशेबवही अशी अमेरिकेत गेली. तिचे पुढे काय झाले ते पाहण्याआधी मुंबईच्या मैदानावर नजर टाकू. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात पाळवणकर बाळू यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंना मुंबईतल्या धर्मवार संघांच्या स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. संघ निवडणारे हात संस्थानिकांचे आणि जिमखान्यांचे होते. ज्याला निवडीत काहीच स्थान नव्हते तो प्रेक्षक मग कट्ट्यावर आपला संघ निवडू लागला. ‘मी असतो तर याला घेतला असता’ हे वाक्य त्या अन्यायातून आलेले असावे आणि ते आजही खरे, मोलाचे आहे.

पैसे लावून योग्य पर्याय निवडण्याचा छापील खेळ मराठी घरांत आला तो क्रिकेटआधी शब्दकोड्यांच्या रूपाने. स्वातंत्र्याच्या आसपास बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे मोठेच वेड पसरले होते. बंगळुरूला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चालणारी आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी मुंबई राज्यभर खपत. प्रत्येक सूचनेला दोन शब्द जुळत आणि बरोबर कोणता, ते संपादकाच्या बंद लखोट्यात आधीच ठरलेले असे. मुंबई सरकारने त्यावर कर बसवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकाल दिला की बंद लखोट्यातल्या उत्तराचा अंदाज हे कौशल्य नव्हे, आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही. त्या निकालपत्रात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याचा आणि महाभारताचा दाखला आहे. नलाच्या वेळचा प्रश्न असा दिल्लीच्या न्यायासनासमोर आला. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा बाजूला काढून सुरक्षित ठेवल्या. पुढच्या सगळ्या कंपन्या ज्या दारातून आत आल्या, ते हेच दार.

तिकडे अमेरिकेत चॅडविकच्या चौकटीला नवे पाय फुटत होते. १९६० मध्ये हार्वर्डमध्ये असताना विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने ‘बेसबॉल सेमिनार’ सुरू केला. मित्रांनी लुटुपुटूच्या पैशांनी खरे खेळाडू बोलीवर घ्यायचे आणि हंगामभर त्यांची कामगिरी मोजायची. १९६२ च्या शरद ऋतूत ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघाबरोबर न्यूयॉर्कला आलेल्या बिल विंकेनबाख यांनी हॉटेलात बसून, संघाच्या एका अधिकाऱ्याच्या आणि एका पत्रकाराच्या मदतीने, अमेरिकन फुटबॉलसाठी अशाच खेळाचे नियम लिहिले. पुढच्या वर्षी आठ संघांची पहिली निवड झाली आणि पहिले नाव पुकारले गेले ते जॉर्ज ब्लांडाचे. त्या काळचा सर्वश्रेष्ठ धावपटू जिम ब्राउन उपलब्ध असताना! चुकीच्या निवडीची परंपरा योग्य निवडीइतकीच जुनी आहे. गॅमसनचा खेळ मिशिगनच्या एका प्राध्यापकामार्फत डॅनियल ओक्रेंट या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचला आणि १९८० मध्ये ओक्रेंटने न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच उपाहारगृहाच्या नावाने ‘रोटिसरी लीग’ उभी केली. या सगळ्या खेळांत एक गोष्ट समान होती: निवड एकदा आणि निकाल अख्ख्या हंगामानंतर. महिनोन्महिने धीर धरावा लागे. ज्याने अभ्यास केला त्याचा अभ्यास हळूहळू दिसून येई.

इंटरनेटने हा धीर संपवला. २००६ च्या अमेरिकन कायद्याने ऑनलाइन जुगाराचे व्यवहार रोखले, पण कल्पित संघांच्या खेळाला सूट दिली. त्या सुटीची अट अशी होती की निकाल एकाहून अधिक प्रत्यक्ष सामन्यांतल्या एकत्रित कामगिरीवर ठरावा. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हंगामभराचा खेळ होता. पण पुढच्याच वर्षी एका दिवसाचा खेळ आला. २००९ मध्ये फॅनड्युएल आणि २०१२ मध्ये ड्राफ्टकिंग्ज उभी राहिली आणि काही वर्षांतच एका सामन्याचा खेळही आला. त्यात दोन्ही संघांतून सहा खेळाडू घ्यायचे, ५०,००० च्या कल्पित रकमेत बसवायचे आणि कर्णधाराचे गुण दीडपट धरायचे. हंगामाचा दिवस झाला, दिवसाचा सामना झाला.

भारतात हा खेळ येताना क्रिकेटच्या अंगाने आला. २००१ मध्ये ईएसपीएन-स्टारने ‘सुपर सिलेक्टर’ आणला होता, पण तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हते. २००८ मध्ये, आयपीएलच्या पहिल्याच वर्षी, हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत ड्रीम११ सुरू केली. हंगामभराचा खेळ आपल्याकडे रुजला नाही आणि २०१२ च्या सुमारास कंपनी एका सामन्याच्या खेळाकडे वळली. स्वस्त मोबाइल डेटा आल्यावर तो गावोगाव गेला. २०१९ मध्ये कंपनीचे मूल्य एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले, २०२० मध्ये तिचे नाव आयपीएलला लागले आणि २०२३ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर झळकले. चॅडविकने नेलेली क्रिकेटची वही दीडशे वर्षांनी अशी क्रिकेटकडे परत आली.

या निवडीचे गणित आपण जवळून पाहू. बावीसांतून अकरा निवडण्याच्या ७,०५,४३२ रीती होतात. प्रत्येक रीतीत कर्णधार-उपकर्णधाराच्या ११० जोड्या. म्हणजे एकूण ७,७५,९७,५२० संघ. शंभर क्रेडिटची मर्यादा आणि यष्टिरक्षक, फलंदाज, अष्टपैलू, गोलंदाज यांतून निदान एकेक घेण्याची अट धरली की आकडा कमी होतो, तरी प्रचंडच राहतो. जाणता निवडणारा त्यातून वाट काढतो ती अशी. सलामीवीराला खेळायला जास्तीत जास्त चेंडू मिळतात. सातव्या क्रमांकाच्या फलंदाजाची पाळी येईलच असे नाही. गोलंदाजाला चारच षटके, पण एका बळीला कित्येक वर्षे २५ गुण होते आणि एका धावेला एक. म्हणून शेवटची षटके टाकणारा, मार खाऊनही बळी मिळवणारा गोलंदाज मोलाचा. अष्टपैलूला गुणांच्या दोन वाटा. रात्री दव पडणार असेल तर दुसऱ्या डावात फिरकीची पकड सुटते. शिवाय एका सामन्यात निवडी एकमेकींना बांधलेल्या असतात: या बाजूचा सलामीवीर पेटला, तर त्या बाजूचा नव्या चेंडूचा गोलंदाज पडतो, म्हणून दोघांवर एकाच वेळी भरवसा ठेवणे फोल. हे सगळे खरे कौशल्य आहे. पण एवढा अभ्यास करून कर्णधार केलेला फलंदाज पहिल्याच चेंडूवर पायचीत होऊ शकतो. चौदा सामन्यांच्या सरासरीत त्याचे थोरपण उमटते. एका सामन्यात उमटेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

न्यायालयांनी कौशल्याच्या बाजूने कौल दिला. २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने आणि ३० एप्रिल २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा जुगार नव्हे असे म्हटले. १८८७ च्या तेराव्या कलमातली कल्पना इथवर चालून आली. पण कर्ज काढून खेळणाऱ्यांच्या आणि घरे उद्ध्वस्त झाल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कौशल्य की नशीब हा प्रश्नच बाजूला सारला. पैसे लावायचे असतील तर कोणताही ऑनलाइन खेळ चालणार नाही, असा कायदा झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. खेळ मांडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या आणि जर्सीवरचे नावही गेले.

हा सारा मागोवा घेतल्यावर एक निष्कर्ष टाळता येत नाही. निवड आणि निकाल यांतले अंतर जसजसे कमी झाले, तसतसा विद्येचा वाटा घटत आणि नशिबाचा वाढत गेला. मांडून देणाऱ्याचा वाटा मात्र कौटिल्यापासून आजवर शाबूत राहिला. कौशल्याला सिद्ध व्हायला वेळ लागतो, आणि एका सामन्याच्या खेळाने नेमका तोच हिरावून घेतला होता. म्हणून पैशांची बंदी मला योग्य वाटते. पण संघ निवडण्याचा आनंद तिच्याबरोबर जाऊ देऊ नये. पैसे न लावता निवडायला आजही मनाई नाही. पुढच्या हंगामात एका साध्या वहीत प्रत्येक सामन्याआधी अकरा नावे लिहा, प्रत्येक नावापुढे निवडीचे कारण एका ओळीत लिहा, मित्रांनाही लिहायला लावा आणि बेरीज हंगाम संपल्यावरच करा. कोणाला खेळ कळतो, हे तेव्हा खात्रीने कळेल.