चित्रपटरूप प्रशस्ति : बर्लिन १९३६ व वऱ्हाडचे व्यायामपटु

वाशीम येथें १९३९ सालीं वाकाटक नृपति दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट उजेडांत आला, हें वाचकांस विदित आहेच. वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम. तेथून राजाच्या ३७ व्या राज्यवर्षीं दिलेलें हें दानपत्र. त्यांतील वंशवर्णन संस्कृतांत असून प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. पहिल्या भागांत पूर्वज पहिला प्रवरसेन याच्या चार अश्वमेधांचा घोष आहे. दुसऱ्यांत दान दिलेल्या गांवाचा व सवलतींचा तपशील आहे. हा ताम्रपट हातीं येईपर्यंत वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची नीट ओळखही पटलेली नव्हती, इतकें त्याचें मोल. तथापि त्यांतील प्रत्येक विशेषण कोणी इतिहास म्हणून उतरून घेत नाहीं. पट कोणीं कोरविला, कोणाच्या दृष्टीस पडावा म्हणून कोरविला, व कोरतांना काय गाळलें, हे तीन प्रश्न विचारूनच त्याची साक्ष घेतली जाते. हाच न्याय विसाव्या शतकांतील चलच्चित्रांसही लावला पाहिजे, असें आमचें मत आहे. आणि वऱ्हाडाशीं संबंध असलेल्या एका प्रकरणाच्या आधारें तें येथें मांडीत आहों.

अमरावती येथें वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. वाशीम त्या काळीं अकोला जिल्ह्यांत मोडत असे. पूर्वींचा बाशीम जिल्हा १९०५ मध्यें त्यांत विलीन झाला होता, व सांप्रतचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अस्तित्वांत आला. म्हणजे १९३६ सालीं अमरावती काय आणि वाशीम काय, एकाच वऱ्हाडाचे भाग. आणि त्या वऱ्हाडावर नांवाचें स्वामित्व निजामाचें व कारभार इंग्रजांचा, अशी दुहेरी स्थिति होती. अशा मुलुखांतून मंडळाचें एक पथक त्या वर्षीं बर्लिनला गेलें व हुतुतू, मल्लखांब इत्यादि देशी खेळांचे प्रयोग त्यानें तेथें करून दाखविले. ज्यांस स्वतःचें निशाण नेण्याची मुभा नव्हती त्यांनीं स्वतःचे खेळ नेले. या उद्योगाचें मोल कमी लेखण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं.

परंतु एक भेद आरंभींच स्पष्ट केला पाहिजे. १ ते १६ ऑगस्ट १९३६ या दिवसांत भरलेल्या त्या ऑलिंपिक सामन्यांत प्रात्यक्षिक खेळ म्हणून अधिकृत मान्यता दोहोंसच होती : बेसबॉल, आणि इंजिनाविना विमान उडविण्याचा ग्लायडिंग हा खेळ. मंडळाचे प्रयोग सामन्यांच्या निमित्तानें झालेल्या पूरक कार्यक्रमांतले होत. ‘त्या वर्षीं हुतुतूचा ऑलिंपिकमध्यें समावेश झाला’ असें विधान वारंवार छापलेलें आढळतें, तें या कसोटीस उतरत नाहीं.

आतां यजमानाकडे वळूं. हिटलर १९३३ च्या जानेवारींत अधिकारावर आला होता. सामन्यांच्या तोंडावर, म्हणजे जुलै १९३६ मध्यें, उंच उडींत अग्रगण्य असलेल्या ग्रेटेल बेर्गमान या यहुदी युवतीस जर्मन संघांतून वगळण्यांत आलें. १६ जुलै रोजीं बर्लिनमधील रोमा व सिंती लोकांस पकडून मार्झान येथील छावणींत डांबण्यांत आलें. शहराच्या उत्तरेस झाक्सनहाउझेन येथें बंदिछावणी त्याच उन्हाळ्यांत उभी राहत होती. आणि पाहुणे येण्यापूर्वीं रस्त्यांवरील यहुदीद्वेषाच्या पाट्या तेवढ्या उतरविण्यांत आल्या. अंगण सारवून, रांगोळी घालून पाहुण्यास बसवावें आणि आंतल्या खोलीस कुलूप असावें, तसा हा थाट होता.

त्या थाटाचें कायमचें लेखन म्हणजे लेनी रीफेनश्टाल या बाईंनीं काढलेला ‘ओलिंपिया’ हा चित्रपट. ‘राष्ट्रांचा महोत्सव’ व ‘सौंदर्याचा महोत्सव’ असे त्याचे दोन भाग असून तो २० एप्रिल १९३८ रोजीं, हिटलरच्या ४९ व्या वाढदिवशीं, बर्लिन येथें प्रथम दाखविण्यांत आला. त्यासाठीं सुमारें ४,००,००० मीटर फीत खर्चीं पडली. उड्यांच्या मैदानालगत खड्डे खणून त्यांत छायाचित्रक बसविले होते. त्यामुळें खेळाडूचा देह खालून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर, देवतामूर्तीसारखा भव्य दिसतो. पाण्यांत सूर मारणाऱ्यांचीं दृश्यें तर अशीं जोडलीं आहेत कीं, मनुष्य पाण्यांत पडतो याचाच विसर पडून तो अंतराळांत विहरतो असें वाटतें. कलेच्या दृष्टीनें हें काम असामान्य आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

परंतु पट कोणीं कोरविला? आपण हें काम स्वतंत्रपणें केलें, असें रीफेनश्टाल युद्धानंतर सांगत राहिल्या. जर्मन सरकारच्या दप्तरांतील कागद निराळें बोलतात. चित्रपटासाठीं १५ लक्ष मार्क प्रचारखात्यानें मंजूर केले. आणि ‘ओलिंपिया-फिल्म’ नांवाची मंडळी १९३५ च्या अखेरीस स्थापण्यांत आली ती अशासाठीं कीं, निर्माता म्हणून राज्यसत्तेचें नांव उघडपणें पुढें येऊं नये. दानपत्रावर तरी राजाची मुद्रा असते; येथें मुद्राच लपविलेली आहे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस क्षेपक श्लोक परिचित आहेतच. या चित्रपटांतही क्षेपक आहेत. बांबूच्या आधारानें मारावयाच्या उंच उडीची अंतिम स्पर्धा रात्रीपर्यंत लांबली व अंधारामुळें तिचें चित्रण नीट होईना; तेव्हां दुसऱ्या दिवशीं खेळाडूंकडून उड्या पुनः मारवून घेऊन तीं दृश्यें मूळ सामन्यांत मिसळून देण्यांत आलीं. ग्रीसमधून मशाल नेण्याची धाव ही पुरातन चाल म्हणून चित्रपटाच्या आरंभीं दिसते. वस्तुतः ती प्रथा १९३६ मध्येंच कार्ल डीम यांच्या योजनेनें सुरू झाली. नवी पोथी जुन्या कागदावर लिहून प्राचीन म्हणून दाखवावी, त्यांतलाच हा प्रकार.

यावर असा आक्षेप येईल कीं, जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूचे विजय त्याच चित्रपटांत गौरवानें दाखविले आहेत; मग त्यास प्रचार कसें म्हणावें? आमच्या मतें हा निष्पक्षपाताचा देखावा हेंच त्यांतील मुख्य साधन होय. ज्याच्या घरीं परक्याचाही सत्कार होतो तो यजमान उदार, असेंच पाहणाऱ्याच्या मनावर ठसावें. प्रेक्षकांत बसलेला, गुडघ्यावर हात आपटून आनंदणारा हिटलर साधा माणूस वाटावा, हीच त्यांतील योजना. ती पुष्कळ अंशीं सफळही झाली : १९३८ सालीं व्हेनिस येथें चित्रपटास मुसोलिनीच्या नांवाचा करंडक मिळाला. मात्र त्याच नोव्हेंबरांत यहुद्यांचीं प्रार्थनामंदिरें व दुकानें जाळण्यांत आलीं; त्या वेळीं रीफेनश्टाल चित्रपट घेऊन अमेरिकेंत होत्या, आणि तेथील दारें त्यांस बंद झालीं.

गाळलेल्या गोष्टींपैकीं एक आपल्याशीं निकट संबंधाची आहे. १५ ऑगस्ट १९३६ रोजीं ध्यानचंदांच्या नेतृत्वाखालीं हिंदी हॉकीसंघानें जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. त्या सामन्यापूर्वीं संघानें आपल्या खोलींत राष्ट्रसभेच्या तिरंग्यास वंदन केल्याचें संघांतीलच एम. एन. मसूद यांनीं लिहून ठेविलें आहे. छायाचित्रक मैदानावर होते. तिरंगा खोलींत होता. फितींतून तो दिसणार नाहीं, कागदांतूनच कळेल. केवळ जर्मनीसच दोष देण्याचेंही कारण नाहीं. हिंदुस्थान सरकारनेंही १९४० मध्यें फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड व १९४३ मध्यें इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया हीं खातीं युद्धप्रचारासाठींच काढलीं.

असो. बर्लिनमध्यें हिटलरनें वऱ्हाडच्या पथकाची वाखाणणी केली, पदक दिलें, अशा आख्यायिका अभिमानानें सांगितल्या जातात. त्यांत दोन गोष्टींची गल्लत होते. खेळाडूंचें कौशल्य त्यांचें स्वतःचें, तालमीच्या मातींत कमावलेलें. त्यास कोणाच्याही प्रशस्तिपत्राची गरज नाहीं. सत्कार मात्र यजमानाच्या कामाचा होता, व तो त्याच्याच हिशेबांत मांडला पाहिजे. या दोहोंची फारकत केल्यानें मंडळाची कीर्ति उणावत नाहीं. उलट ती परक्या मुद्रेखालून मोकळी होते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, त्या प्रवासाचीं छायाचित्रें, पदकें, पत्रें, कार्यक्रमपत्रिका ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं सुटीं करून विकूं वा वाटूं नयेत. छायाचित्राच्या पाठीवरील मजकूर, शिक्का, पाकिटावरील तारीख, तें कोणाकडून व केव्हां आलें याची नोंद, हें सर्व मूळ वस्तूइतकेंच जपावें. ताम्रपटाचा पत्रा वितळविला तर तांबें उरतें, इतिहास जातो; पाठीवरचा मजकूर फाडला तर चित्र उरतें, आणि बोलविता धनी कोण होता हें मात्र कळेनासें होतें.