मोतीबिंदूनंतरची दृष्टी : अपेक्षा आणि परिणाम यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

इंदूर शहराच्या पश्चिम भागातील बड़ा गणपती हा परिसर तेथील सुमारे २५ फूट उंचीच्या गणेशमूर्तीमुळे ओळखला जातो. होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो परिचित आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये शहराच्या याच पश्चिम बाजूचे नाव एका वेगळ्याच कारणाने देशभर पोहोचले. धार रस्त्यावरील इंदूर आय हॉस्पिटलमध्ये ८ ऑगस्ट रोजी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर ११ रुग्णांच्या डोळ्याची दृष्टी संसर्गामुळे गेल्याच्या तक्रारी पुढे आल्या. शासनाने शस्त्रक्रियागृह बंद केले, चौकशी नेमली आणि काही रुग्णांना उपचारासाठी चेन्नईला पाठविले. याच रुग्णालयात डिसेंबर २०१० मध्येही असाच प्रकार घडल्याचे वृत्तपत्रांनी त्या वेळी निदर्शनास आणले.

दिसावे म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर अपेक्षेप्रमाणे न दिसणे ही घटना नवी नाही. तिचे प्रकार मात्र भिन्न आहेत. संसर्गाने डोळा जाणे, चष्म्याचा नंबर अनपेक्षित निघणे आणि रंग किंवा आकार पूर्वीसारखे न वाटणे या तीन गोष्टींची सरमिसळ झाली, की रुग्ण विनाकारण घाबरतो किंवा घाबरायला हवे तेव्हा स्वस्थ बसतो. प्रस्तुत लेखात या तिन्हींचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

शब्दाचा आणि शस्त्रक्रियेचा प्रवास

मराठीतील 'मोतीबिंदू' आणि उर्दूतील 'मोतियाबिंद' हे शब्द बाहुलीत दिसणाऱ्या मोत्यासारख्या पांढुरक्या ठिपक्यावरून आले. अरबी वैद्यकात या विकाराला 'नुज़ूल-उल-मा', म्हणजे पाणी उतरणे, असे म्हणत. अकराव्या शतकात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली तेव्हा याच कल्पनेतून 'कॅटरॅक्टा', म्हणजे धबधबा, हा शब्द रूढ झाला. डोळ्यात वरून पाणी उतरते ही समजूत चुकीची होती. गढूळ होते ते डोळ्यातील नैसर्गिक भिंगच. परंतु ही गोष्ट युरोपात सर्वमान्य होण्यास अठरावे शतक उजाडावे लागले.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सुईसारख्या शलाकेने मोतीबिंदू बाजूला सारण्याची क्रिया वर्णिली आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने शिंकणे, खोकणे टाळावे अशी सूचनाही तेथे आहे. म्हणजे नंतरची काळजी हा उपचाराचाच भाग मानला जात होता. मोसुलचा नेत्रवैद्य अम्मार इब्न अली याने इ. स. १००० च्या सुमारास इजिप्तमध्ये पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढण्याची पद्धत नोंदविली. पॅरिसमध्ये जाक दाव्हिएल याने १७४७ मध्ये भिंग डोळ्याबाहेर काढण्याची शस्त्रक्रिया केली. पुढील दोनशे वर्षे भिंग काढणे हाच मुख्य मार्ग राहिला. काढलेल्या भिंगाच्या जागी मात्र काहीच बसविले जात नव्हते.

जाड भिंगांचा काळ

भिंग काढलेल्या डोळ्याला साधारण +१० नंबरचा जाड चष्मा लागे. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत आणि कडेचा काही भाग दिसेनासा होई. पायरी जवळ आल्यासारखी वाटे. पाण्याचा पेला धरायला गेलेला हात चुके. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन डोळ्यांच्या प्रतिमा जुळत नसत. चष्मा फुटला वा हरवला की रुग्ण पुन्हा जवळजवळ आंधळा होई. शिबिराच्या वहीत 'शस्त्रक्रिया यशस्वी' अशी नोंद झालेल्या अनेकांच्या घरातील वास्तव असे होते.

या काळातील सर्वांत प्रसिद्ध असमाधानी रुग्ण म्हणजे फ्रेंच चित्रकार क्लोद मोने. १९१२ मध्ये त्यांना मोतीबिंदूचे निदान झाले. रंगांचे काय होईल या भीतीने त्यांनी दहा वर्षे टाळाटाळ केली आणि जानेवारी १९२३ मध्ये डॉ. शार्ल कुतेला यांच्याकडून उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर आकार वेडेवाकडे दिसतात, रंग खरे वाटत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. पिवळसर झालेले भिंग निघाल्यावर निळा रंग एकदम ठळक होतो, हे त्यामागील एक कारण. निरनिराळे चष्मे आणि रंगीत काचा वापरून पाहिल्यावर हळूहळू त्यांचे जमले आणि १९२६ मध्ये निधन होण्यापूर्वी ते पुन्हा चित्रे रंगवू लागले. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मात्र त्यांनी केली नाही. मोनेंचा डोळा बिघडला नव्हता. नव्या दृष्टीची सवय होण्यास वेळ लागला.

रिडली यांचा धडा

लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डॉ. हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी कृत्रिम भिंग बसविण्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेस आरंभ केला. युद्धात विमानाच्या पर्स्पेक्सचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. त्याच प्लॅस्टिकचे भिंग त्यांनी करून घेतले. डोळ्याने भिंग स्वीकारले. पण पहिल्या रुग्णाचा नंबर उणे १८च्या आसपास निघाला. पर्स्पेक्स प्रकाशाला नैसर्गिक भिंगापेक्षा अधिक वळवते आणि आकार मात्र जवळपास नैसर्गिक भिंगाचाच ठेवला होता. त्यामुळे भिंग फारच शक्तिशाली झाले. आज ज्याला अनपेक्षित नंबर म्हणतात, त्याचे पहिले उदाहरण पहिल्याच शस्त्रक्रियेत घडले. रिडली यांनी चूक झाकली नाही. पुढच्या भिंगांची वक्रता बदलली. पुढे १९९० च्या दशकात त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही त्याच रुग्णालयात कृत्रिम भिंग बसविण्यात आले.

त्यानंतरचा इतिहास हा मोजमाप सुधारण्याचा आहे. १९६७ मध्ये फ्योदोरोव्ह यांनी भिंगाच्या शक्तीचे सूत्र मांडले. १९८० मध्ये सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांचे सूत्र आले. ध्वनिलहरींच्या जोडीला १९९९ पासून प्रकाशाने डोळ्याची लांबी मोजणारे यंत्र मिळू लागले. लांबी मोजण्यात एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबरात सुमारे अडीच ते तीनचा फरक पडतो. म्हणून अतिलांब वा आखूड डोळे, तसेच पूर्वी चष्मा घालविण्याची लेसर शस्त्रक्रिया झालेले डोळे, आजही अंदाज चुकवू शकतात.

मोजणी कशाची ?

भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबविला गेला. त्यांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही होते. मदुराई येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ऑरोलॅबमुळे कृत्रिम भिंग स्वस्त झाले आणि जाड चष्म्याचा काळ संपत गेला.

परंतु दीर्घकाळ मोजली गेली ती शस्त्रक्रियांची संख्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये परिणामांचा निकष दिला : शस्त्रक्रियेनंतर किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ किंवा अधिक चांगले दिसावे आणि ६/६० पेक्षा कमी दिसणारे ५ टक्क्यांहून कमी असावेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये मध्य प्रदेशातील बड़वानी येथील शिबिरानंतर चाळीसहून अधिक रुग्णांना संसर्गाने दृष्टी गमवावी लागली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. संख्येचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत निर्जंतुकीकरण आणि नंतरची तपासणी यांकडे दुर्लक्ष होता कामा नये. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात प्रतिजैविक सोडल्यास संसर्गाचा धोका सुमारे पाच पटींनी घटतो, हे २००७ च्या युरोपीय अभ्यासात दिसून आले आहे. म्हणजे अशा घटनांना केवळ दैव म्हणून सोडून देता येत नाही.

रुग्ण, कुटुंब आणि शिक्षक

वरील इतिहासातून काही व्यावहारिक गोष्टी हाती येतात. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत वेदना वाढणे, डोळा अधिक लाल होणे, दृष्टी कमी होत जाणे ही संसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, पुढच्या तारखेची वाट पाहू नये. याउलट नंबर अनपेक्षित निघाला तर डोळा स्थिर होईपर्यंत काही आठवडे थांबून चष्मा ठरविला जातो. फरक मोठा असल्यास भिंग बदलणे किंवा दुसरे भिंग बसविणे हे मार्ग आहेत. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागले, तर बहुधा भिंगामागचा पडदा गढूळ झालेला असतो. तो लेसरने मोकळा करता येतो. मधुमेहाने किंवा अन्य कारणाने दृष्टिपटल आधीच बिघडलेले असेल, तर उत्तम शस्त्रक्रियेनंतरही दृष्टी मर्यादित राहते. हे आधीच सांगणे डॉक्टरांचे आणि विचारणे कुटुंबाचे काम आहे. बसविलेल्या भिंगाचा नंबर लिहिलेले कार्ड जपून ठेवावे.

महाविद्यालयीन शिक्षकाकडे विद्यार्थ्यांचे पालक आणि वस्तीतील वडीलधारी माणसे सल्ल्यासाठी येतात. शिबिराला जाण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत आणि परत आल्यावर काय पाहावे, हे सोप्या मराठीत किंवा उर्दूत सांगणे त्याला सहज शक्य आहे.

समारोप

२०१९ च्या इंदुरातील घटनेने अनेकांच्या मनात शस्त्रक्रियेविषयी भीती निर्माण केली. ती भीती समजण्यासारखी आहे. पण तिच्यामुळे शस्त्रक्रिया टाळल्यास बरे होऊ शकणारे अंधत्व कायम राहते. मोने यांना सवयीची गरज होती, रिडली यांच्या रुग्णाला अचूक गणिताची, आणि इंदूर व बड़वानीच्या रुग्णांना स्वच्छ शस्त्रक्रियागृहाची व जबाबदार व्यवस्थेची. यांतील पहिल्या गरजेला धीर पुरतो, दुसरीला विज्ञान; तिसरीसाठी मात्र समाजाने सतत विचारणा करीत राहिले पाहिजे.