मुहूर्त कॅमेऱ्याने चुकवलेला नाही

बारा बावीसचं लग्न पावणेदोनला लागलं की अमरावती-अकोल्याकडच्या मांडवात एकच निदान ऐकू येतं: फोटोवाल्यांनी लग्नाचा खेळखंडोबा केला. हे मत आता इतकं पक्कं झालंय की ते तपासून पाहावं असंही कोणाला वाटत नाही.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही, म्हणून तो आधी नीट मांडतो. भटजी पंचांगावरून दिवस आखतात, फोटोग्राफर उजेडावरून. दोन्ही वेळापत्रकं एकाच मांडवात आली की ओढाताण होते आणि तीत कॅमेरा जिंकतो, कारण नवरा-नवरीचा कल तिकडे असतो. मग विधीचं शूटिंग होतं, वऱ्हाडी उपाशी राहतात आणि बापाच्या डोक्यावर कर्ज चढतं.

कर्जाचं आधी उरकतो. ऋण काढून सण-समारंभ करू नका, असं गाडगेबाबा याच भागातल्या गावोगावच्या कीर्तनांतून सांगत होते. १९५६ साली वलगावजवळ त्यांचा देह पडला, तेव्हा कँडिड फोटोग्राफी आणि ड्रोन कोणाच्या स्वप्नातही नव्हते. लग्नातली उधळपट्टी कॅमेऱ्याहून जुनी आहे. कॅमेऱ्याने तीत भर घातली, एवढंच.

आता उशिराकडे वळू. बारा ते पावणेदोन या वेळात नेमकं काय चाललेलं असतं? नवरदेव मारुतीच्या देवळातून निघालेला असतो आणि डीजेपुढची मित्रमंडळी एका चौकातून हलत नसते. वरात कशीबशी मांडवाशी पोचते, तोवर माईक निवेदकाच्या हाती गेलेला असतो. आजी आमदार, माजी आमदार, जिल्हा परिषद सदस्य, सरपंच असं एकेकाचं नाव घेऊन स्वागत होतं. कोणी साहेब ‘रस्त्यातच आहेत’ म्हणून मंगलाष्टकं थांबतात. या सगळ्यात फोटोग्राफर घामाघूम होऊन स्टेजवर ताटकळत असतो. त्याला तर घाईच असते, संध्याकाळी त्याला दुसरं रिसेप्शन गाठायचं असतं. आमच्याकडच्या बौद्ध आणि सत्यशोधक लग्नांत पंचांगाचा मुहूर्त नसतो, म्हणजे कॅमेऱ्याने चुकवावं असं तिथे काही नाहीच. तरी पत्रिकेवरची वेळ तिथेही टळते, आणि कारणं हीच असतात. (वऱ्हाडातलं सगळ्यात गाजलेलं लग्न तर ठरलेलं वेळापत्रक मोडूनच झालं. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीला कृष्णाने अंबादेवीच्या देवळातून नेलं, असं अमरावतीकर मानतात. त्या घोटाळ्याला कॅमेरा जबाबदार नव्हता.)

खरा मुद्दा सूर्याचा आहे. पंचांग आणि उजेड एकमेकांचे वैरी आहेत, हे गृहीतच चुकीचं आहे. मुहूर्ताचं गणित सूर्याला सोडून होतच नाही. गोरज मुहूर्त घ्या. सूर्यास्ताच्या आगेमागे घटकाभराचा, म्हणजे चोवीस मिनिटांच्या आसपासचा हा काळ. ऊन तिरपं आणि मऊ झालेलं असतं, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडत नाहीत. फोटोग्राफर दिवसभर ज्या उजेडाची वाट पाहतो तो हाच. उलट भर दुपारचं लग्न त्याला नको असतं, तेही उगाच नाही. मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास अकोला-अमरावतीवर शून्य सावलीचा दिवस येतो. सव्वाबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. उघड्यावर उभं राहिलं तर भुवईची सावली डोळ्यांवर पडते, आणि मांडवात शिरलं तर लाल-पिवळ्या कापडाचा रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो. ज्या वेळी फोटो बिघडतात त्याच वेळी म्हाताऱ्या माणसांना भोवळही येते.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ बहुधा मुंबईची छापलेली असते. अमरावती मुंबईच्या पूर्वेला जवळपास पाच रेखांश आहे, आणि एका रेखांशाला चार मिनिटं पडतात. अक्षांशाचा फरक धरूनही मेच्या मध्यावर अमरावतीचा सूर्य मुंबईच्या आधी पाव तासाहून थोडं जास्त, म्हणजे सहा पन्नासच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात हे अंतर वीस मिनिटांपलीकडे जातं. मुंबईची वेळ पाहून ‘गोरज’ गाठणारा वऱ्हाडी डिसेंबरात गोरज जवळजवळ हुकवूनच बसतो. ज्यांचे भटजी स्थानिक वेळ काढतात त्यांचा प्रश्न नाही. पण बाकीच्यांच्या मांडवात आपल्या गावचा सूर्य किती वाजता मावळतो हे नेमकं ठाऊक असलेला माणूस एकच असतो, आणि त्याच्या गळ्यात कॅमेरा असतो.

कायद्याच्या अंगानेही पाहा. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या सातव्या कलमाप्रमाणे, जिथे सप्तपदी हा विधी आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणी प्रमाणपत्राने लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. आणि आपल्याकडे सप्तपदीच्या वेळी काय चित्र असतं? पाहुणे बुफेच्या रांगेत, आहेरवाले स्टेजभोवती, भटजी आणि चार घरची माणसं होमापाशी. ती पावलं नीट टिपायची तर त्यांना वेळ राखून ठेवावा लागतो. तो राखायची आठवण फोटोग्राफरच्या वेळापत्रकातच होते; पत्रिकेत सप्तपदीची वेळ मी तरी छापलेली पाहिली नाही.

पूर्वपक्षाचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. ‘परत एकदा हार घाला’ हे वाक्य मांडवात ऐकू येता कामा नये. विधी एकदाच होतो. कॅमेऱ्याने तो जसा होईल तसा टिपावा, आणि अंतरपाटापुढे पाहुण्यांकडे पाठ करून भिंत उभारू नये. चिखलदऱ्याच्या धुक्यात, नरनाळ्याच्या दरवाज्यात किंवा बाळापूरच्या छत्रीपाशी काय हौस भागवायची ती आधीच भागवून घ्यावी. कुटुंबाचे फोटो उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत संपवावेत. त्यासाठी दोन्हीकडची माणसं ओळखणारी एखादी आत्या किंवा मामा यादी हातात देऊन उभा करावा, म्हणजे ‘काकू कुठं गेल्या’ म्हणून अर्धा तास हाका माराव्या लागत नाहीत. पूर्वी १२० च्या रोलवर बाराच फोटो निघत, तेव्हा कोणाकोणाचे काढायचे हे घरात आधी ठरायचं. हजारो फोटो फुकट झाल्यापासून ते ठरवणं सुटलं. तो दोष घरच्यांचा आहे.

तेव्हा वधू-वरांच्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती. पत्रिका छापायला देण्याआधी भटजी आणि फोटोग्राफर यांना एकदा समोरासमोर बसवा, आपल्या गावचा सूर्यास्त पाहून वेळ ठरवा, आणि साहेब रस्त्यात असले तरी मंगलाष्टकं सुरू करा.