विचारण्याची लाज

आपल्या पंगतीत वाढपी ताटासमोर येतो, पदार्थाचे नाव घेतो, आणि नको असेल तर जेवणारा ताटावर आडवा हात धरतो. बुफेच्या टेबलाशी ही सोय नाही. तेथे तीस-चाळीस पदार्थ मांडलेले असतात, हवे तितके घ्यावे. पण कशात काय घातले आहे ते सांगणारा कोणी नसतो.

गेल्या वर्षी एका प्रवासात माझी भाची बरोबर होती. तिने मांस-मासे तर नाहीच, पण दूध, तूप, अंडी आणि मधही सोडला आहे. अशांना हल्ली व्हीगन म्हणतात. हॉटेलातल्या सकाळच्या न्याहारीच्या टेबलाभोवती ती दोनदा फिरली आणि बशीत कलिंगडाच्या चार फोडी घेऊन परत आली.

"मामा, उपम्यात तूप आहे का, आत जाऊन विचारू?"

मी चटकन बोलून गेलो, "एवढं सगळं मांडलंय, आणि तू चौकशा काय करत बसतेस? लोक बघताहेत!"

ती मुकाट्याने कलिंगड खाऊ लागली. आणि मुलांना वर्गात अनेकदा सांगितलेली एक हकीकत मला आठवली.

४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून 'क्लाइड' नावाच्या बोटीने अठरा वर्षांचा एक लाजाळू तरुण विलायतेस निघाला. मांसाला शिवणार नाही, अशी शपथ त्याने आईपुढे घेतली होती. बोटीवर अन्नाला तोटा नव्हता. पण कोणता पदार्थ बिनमांसाचा, हे इंग्रजीत विचारण्याचा त्याला धीर होईना. म्हणून तो टेबलावर जेवायला गेलाच नाही. घरून आणलेली मिठाई आणि फळे खोलीत बसून खात राहिला. हा तरुण म्हणजे मोहनदास गांधी.

लंडनमध्येही तेच. सकाळी ओटची लापशी पोटभर मिळे; दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि मुरंबा. भूक दांडगी, पण पावाचे दोन-तीन तुकडे झाले की आणखी मागायची लाज वाटे. पुढे ज्या घरी बिऱ्हाड केले, तेथल्या मुली प्रेमाने एखादा तुकडा जास्त वाढत. अख्ख्या पावाशिवाय याचे पोट भरणार नाही, हे त्यांना काय ठाऊक! अखेर रोज दहा-बारा मैल पायपीट करता करता फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. दारातल्या काचेआड हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक होते. ते एक शिलिंग देऊन घेतले आणि मग आत जाऊन विलायतेतले पहिले पोटभर जेवण केले.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. त्यांना माणसांत आणण्यासाठी एका मित्राने हॉबर्नच्या भपकेबाज उपाहारगृहात जेवायला नेले. पहिल्यांदा सूप आले. ते कशाचे असेल? मित्राला विचारण्याची सोय नव्हती. त्यांनी हळूच वाढप्याला खूण केली. मित्राच्या ते ध्यानात आले, आणि तो संतापला: सभ्य समाजात वागता येत नसेल तर बाहेर जा, दुसरीकडे जेव आणि माझी वाट पाहा. गांधी आनंदाने उठले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह त्या वेळी बंद होते. त्या रात्री ते उपाशी राहिले.

मला या प्रसंगाचे मोल फार वाटते. बोटीवर ते न विचारता उपाशी राहिले होते. येथे विचारून उपाशी राहिले. पोटाला दोन्ही सारखेच, पण माणूस बदलला होता. पुढे आईच्या दृष्टीने अंडेही मांसच, हे पटल्यावर त्यांनी तेही वर्ज्य केले. मग शाकाहारी उपाहारगृहातसुद्धा पुडिंगात, केकमध्ये अंडे आहे का, हे विचारणे आले. ते त्यांनी केले. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूधही सोडले. मोठ्या दुखण्यात शेळीच्या दुधावर यावे लागले, त्याची रुखरुख त्यांना कायम राहिली.

अशा लोकांना स्वतंत्र नाव मिळाले ते १९४४ साली. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे जोडून 'व्हीगन' हा शब्द घडवला.

आणि बुफेचे टेबल? त्याचे एक मूळ स्वीडनच्या 'स्मॉरगॉसबोर्ड'मध्ये आहे. १९३९ च्या न्यूयॉर्कमधील जागतिक प्रदर्शनात अमेरिकेला त्याची मोठी ओळख झाली. त्या नावाच्या आरंभी जो 'स्मॉर' आहे, त्याचा अर्थच लोणी! पाव, लोणी, चीज आणि खारवलेले मासे यांच्यासाठी मांडलेल्या टेबलावर व्हीगन माणसाला कलिंगडच मिळावे, यात नवल नाही.

आता काळ थोडा बदलला आहे. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघाच्या देशांत सुट्या विकल्या जाणाऱ्या पदार्थांतही दूध, अंडी, मासे आहेत की नाहीत, हे कळवणे बंधनकारक झाले. तो नियम झाला तो काहींना अशा पदार्थांचे वावडे असते म्हणून. पण व्हीगन प्रवाशाचीही त्यात सोय झाली. आपल्याकडील पाकिटावरचा हिरवा ठिपका मात्र या कामी पुरत नाही. दूध-तूप असलेल्या पदार्थावरही तो असतोच. तेव्हा विचारण्यावाचून गत्यंतर नाही. भात लोण्यात परतला आहे का? सूप हाडांच्या पाण्याचे आहे का? बशी उचलण्यापूर्वी टेबलाभोवती एक फेरी मारावी आणि सरळ आचाऱ्यालाच गाठावे.

हे सारे मला ठाऊक असूनही त्या सकाळी मी हॉबर्नमधल्या त्या मित्राच्या जागी बसलो होतो. शेवटी मीच उठून आत गेलो. उपम्यात तूप होतेच; पण आचाऱ्याने पाच मिनिटांत तेलाच्या फोडणीचे पोहे करून आणले. ते टेबलावर नव्हते, विचारल्यामुळे मिळाले.

यंदा दिवाळीला भाची आमच्याकडे येणार आहे. लाडूंचे डबे तिच्या कामाचे नाहीत. पण ती चकलीकडे पाहील, आणि तिला विचारावे लागण्याआधीच मी सांगणार आहे, "घे, मोहन तेलाचं आहे."