तळटीप १४ : इन्प्रेस शाळा

१४. इन्प्रेस : ‘इन्स्ट्रुक्सी प्रेसिडेन’ (राष्ट्राध्यक्षांचा आदेश) या इंडोनेशियन शब्दांचे लघुरूप. १९७३-७४मध्ये तेलाचे भाव जवळपास चौपट झाले आणि सुहार्तो राजवटीच्या तिजोरीत भरपूर पैसा आला. १९६९पासून सुरू झालेल्या पंचवार्षिक योजनांच्या चौकटीत त्यातला बराचसा पैसा अशा आदेशांद्वारे खेड्यांकडे वळवला गेला. १९७८पर्यंत ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. एक शाळा म्हणजे तीन शिक्षक आणि १२० मुलांची सोय. शाळेबाहेरची मुले जिथे जास्त, तिथे शाळा जास्त, असे वाटपाचे सूत्र होते. रस्ते, आरोग्यकेंद्रे, कालवे आणि स्वस्त खत यांनाही याच पैशाचे पाठबळ मिळाले, आणि १९८४मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. मात्र निर्णय जाकार्तात होत. गावकऱ्यांचे मत क्वचितच विचारले जाई. तरीही या शाळांमुळे मुलांचे शिक्षण आणि पुढे त्यांची कमाईही वाढली, असे अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो यांनी २००१मध्ये दाखवून दिले. प्रस्तुत प्रकरणातील गावशाळेचे मोल या पार्श्वभूमीवर जाणून घ्यावे. – संपादक