पिजॉटला उशिरा मिळालेला न्याय

१९९६ साली जपानात 'पोकेमॉन'चे पहिले गेम आले, तेव्हापासून पिजॉट आहे. अगदी सुरुवातीच्या गवतात पिजी सापडायचा, छत्तिसाव्या लेव्हलला त्याचा पिजॉट व्हायचा. इतकं वाढवून, जरा दणकट पक्षी मिळाला की आपण त्याला बॉक्समध्ये टाकायचो. मीही टाकलाय. कार्टूनमध्ये अ‍ॅशनेही त्याला 'परत येतो' सांगून जंगलात सोडलं. भेट झाली थेट २०२३ मध्ये!

गेमने मात्र २०१४ मध्येच, 'ओमेगा रूबी' आणि 'अल्फा सफायर'मध्ये, त्याला मेगा रूप दिलं. स्पेशल अटॅक ७० वरून १३५. पण खरी मेख 'नो गार्ड' या क्षमतेत आहे. एरवी, पाऊस नसेल तर, शंभरातले सत्तरच वार लागणारं 'हरिकेन' आता चुकतच नाही. बदल्यात समोरच्याचाही वार चुकत नाही. बचाव जेमतेम ८०, त्यामुळे वेगावर सगळी भिस्त. आधी मारलं तर ठीक, नाहीतर संपलं. मला हा सौदा आवडतो.

२०१९च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'मधून मेगा रूपंच काढून टाकली. पिजॉटही त्यात नव्हता. मी जुना थ्रीडीएस पुन्हा चार्जिंगला लावला.